मी रांगेत होते, मग गेटवर डबा कोणी दिला?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि त्या इथे लिहिणाऱ्यांवर तर त्याहून नव्हता. इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे — झोप नीट झाली होती का, आणि चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? माझी झोप झालेली होती. नंबर दिवाळीच्या आधीच तपासला होता. तरीही लिहितेय, कारण ही गोष्ट मला कुठल्याच कप्प्यात ठेवता येत नाही, आणि कप्प्यात न बसलेली वस्तू मला चैन पडू देत नाही.

मी इंदूरची. सासरे इथे मिलमध्ये क्लार्क होते, माहेरही इथलंच, त्यामुळे आमच्या मराठीत हिंदी शिरते, चालवून घ्या. पलासियात एका कोचिंग क्लासचं ऑफिस सांभाळते. राहते विजय नगरला. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि घरात त्याची यथेच्छ थट्टा होते. आमचे हे — विलास — म्हणतात, तू वर गेलीस तर चित्रगुप्ताला आधी हिशेब दाखवायला लावशील.

आमची मुलगी केतकी शारजाला असते. पहिलं बाळंतपण. शेवटच्या महिन्यात तिचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी सिझेरियन अलीकडे आणलं — मी ज्या संध्याकाळी पोचणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. जावई समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ड्युटीला; त्याला किनाऱ्यावर यायला अजून काही दिवस लागणार होते. विलासचा व्हिसा झालेला नव्हता. इंदूरहून पुढचं विमान तिसऱ्या दिवशी. म्हणजे मी कुठेही अडकले असते तर माझी पोर एकटी ऑपरेशनला गेली असती. बाकी कशाचीच मला काळजी नव्हती. एवढीच होती.

म्हणून तयारी चोख केली. तिकडे काय चालतं, काय चालत नाही, सगळं वाचून काढलं. आपल्या रोजच्या वापरातली एक गोष्ट तिकडे अजिबात चालत नाही — खसखस. नशेच्या पदार्थांत धरतात. चिमूटभर सापडली तरी माणसाला आत बसवतात.

आता बाळंतिणीसाठी आई निघाली म्हटल्यावर डिंकाचे लाडू आलेच. सियागंजला जाऊन मीच सगळं सामान आणलं. दुकानदाराने डिंक, खारीक, खोबरं बांधून दिलं आणि आपणहून विचारलं, "खसखस नी ली भेनजी?"

"नहीं भिया, बेटी के यहाँ जा रहे हैं, वहाँ मना है."

"बिना खसखस के लड्डू? फिर तो लड्डू के नाम पे गोली दे रहे हो बेटी को."

लाडू करायचे होते शोभाताईंना. विलासच्या थोरल्या बहीण. त्यांच्या हातच्या लाडवांवर आमच्या घरातली तीन बाळंतपणं पार पडलीत. त्यांनीही तेच म्हटलं. "वृंदा, खसखशीशिवाय डिंकाचा लाडू म्हणजे बाळंतिणीची फसवणूक. झोप कशी लागेल तिला?"

"ताई, तिकडे तुरुंगात टाकतात."

"लाडवासाठी?"

"लाडवासाठी."

"मुलखावेगळे लोक बाई. बरं, नाही घालत."

दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा घरी आला. केबिन बॅगेत खाली टॉवेल, वर डबा, त्यावर केतकीची फाईल अशी रचना केली. बॅगेच्या चेनला छोटं कुलूप आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात. बॅग मी कोणाच्याही हातात देत नाही, विलासच्याही नाही.

दुपारची फ्लाइट होती. विलासने मला सोडलं. आमचं ठरलेलं असतं — माझा "बसले" असा मेसेज येईपर्यंत त्यांनी विमानतळाबाहेरच थांबायचं. का, तर काही राहिलं, काही परत द्यायचं झालं तर. ते कंटाळतात, पण थांबतात.

चेक-इनला बॅग उघडून मी फाईल काढली तेव्हा डबा जागेवर होता. झाकण दाबून पाहिलं. कुलूप लावलं. तिथून इमिग्रेशनच्या रांगेत.

काउंटरवर तरुण अधिकारी होता. चेहऱ्यावर काही नाही. किती दिवस, कोणाकडे, परतीचं तिकीट, मुलीचा व्हिसा, जावई काय करतात… मी एकेक कागद पुढे करत गेले. असल्या चौकशीचा मला राग येत नाही. मी स्वतः ॲडमिशनला आलेल्या पालकांना याहून जास्त विचारते. मग त्याने पासपोर्टवरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"मैडम, आपके साथ और कौन है?"

"कोई नहीं."

"बहन?"

"बहन नहीं है मेरी."

"अभी आप बाहर की तरफ़ गईं न? उधर से." त्याने माझ्या मागे, ज्या दरवाजातून आम्ही आत आलो होतो तिकडे बोट दाखवलं.

"मैं तो इसी लाइन में खड़ी हूँ. इनसे पूछ लो." मागे एक सरदारजी होते, त्यांनी मान हलवली. "हाँ जी, ये तो यहीं हैं."

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा त्या दरवाजाकडे बघितलं. मग पासपोर्ट घेऊन उठला आणि म्हणाला, "दो मिनट बैठिए."

ज्यांना असं "दोन मिनिटं बसा" म्हटलं गेलंय, त्यांना ठाऊक आहे ती दोन मिनिटं कशी असतात. रांग पुढे सरकत होती. सरदारजी गेले. त्यांच्या मागची कुटुंबं गेली. मी बॅग मांडीवर घेऊन, दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले होते. डोक्यात एकच — माझ्या नावाने कोणीतरी दुसरं प्रवास करतंय. हल्ली काय काय ऐकतो आपण. मी त्याच्यावर संशय घेत होते, तो माझ्यावर. आतल्या खोलीत तो कोणा मोठ्या साहेबाशी बोलत होता आणि दोघं काचेतून माझ्याकडे बघत होते. मी उठून विचारलं, "मेरी बेटी का कल ऑपरेशन है, भैया. जो पूछना है जल्दी पूछ लो."

साहेबांनी चार प्रश्न विचारले, बोटांचे ठसे परत घेतले. शेवटी शिक्का पडला. पासपोर्ट देताना तो तरुण हळूच म्हणाला, "माफ़ करना मैडम. कपड़े भी यही थे, इसलिए."

मी विलासला मेसेज टाकला, "इमिग्रेशन झालं," आणि सिक्युरिटीकडे गेले. स्टीलचा डबा एक्स-रेमध्ये दिसतो, मग बॅग उघडायला लावतात, हा माझा अनुभव. म्हणून मी आधीच जवानाला सांगितलं, "इसमें डिब्बा है, लड्डू हैं." तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "कोई डिब्बा नहीं है, माताजी. जाइए."

कुलूप तसंच होतं. किल्ली पर्समध्ये. उघडलं — टॉवेल, वर फाईल. मध्ये डबा नाही.

खरं सांगते, भीती-बीती काही वाटली नाही. राग आला. कोणीतरी हात मारला, एवढंच. पण कधी? बॅग माझ्या हातातून सुटलीच नव्हती. तक्रार करायला परत मागे जावं तर विमान सुटलं असतं. लाडवांपायी केतकीला एकटी सोडू? डब्यावर पाणी सोडलं आणि विमानात जाऊन बसले.

शारजाला उतरल्यावर सामानाची तपासणी. माझ्या पुढे उत्तर प्रदेशातलं एक वयस्क जोडपं होतं. त्यांच्या पिशवीतून एक पुडी निघाली, मसाल्याची असावी. अधिकाऱ्याने ती बोटावर घेऊन बघितली, वास घेतला, आणि दोघांना बाजूच्या खोलीत नेलं. त्या बाई सारखं म्हणत होत्या, "घर का है साहब, घर का है." मी बाहेर पडेपर्यंत ते दोघं काही परत आले नाहीत.

मग माझी पाळी. अळीव, सुंठ, बाळंतकाढ्याची पावडर, एकेक पुडी फोडली. अधिकारी हिंदी बोलणारा होता.

"डिलीवरी के लिए आया?"

"हाँ. बेटी की."

"लड्डू?"

"नहीं लाई."

त्याने मान वर केली. "सब इंडियन मदर लाता है. आप क्यों नहीं लाया?"

इंदूरमध्ये मी दोन ठिकाणी असल्याचा संशय, इथे लाडू न आणल्याचा. त्याने बॅगेचं अस्तरसुद्धा चाचपून बघितलं. काही निघालं नाही. सोडलं.

केतकीच्या घरी पोचले. तिला जवळ घेतलं, जेवू घातलं, मग बाल्कनीत जाऊन विलासला फोन लावला. "अहो, माझा डबा चोरला कुणीतरी."

"कोणता डबा?"

"लाडवांचा."

"तो तर इथे ओट्यावर आहे."

"काय बोलताय?"

"अगं, तूच नाही का बाहेर येऊन देऊन गेलीस? म्हणालीस, यात खसखस आहे, घरी घेऊन जा. थांबू नका, जा."

"मी कशी बाहेर येणार? मी आत अडकले होते."

"वृंदा, दमली आहेस तू. झोप."

मी त्यांना शपथेवर विचारलं. नीट बघितलं होतं का? म्हणाले, समोर उभी होतीस, राखाडी ड्रेस, चष्म्याची साखळी. मी विचारलं, डबा घेताना हाताला हात लागला होता? म्हणाले, लागणारच ना. मग? "मग काय? तुझाच हात. तीस वर्षं ओळखतो."

फोन ठेवून मी शोभाताईंना लावला. सरळ विचारलं, "ताई, खसखस घातलीत?"

आधी त्यांनी केतकीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "थोडीशीच गं. भाजून, बारीक करून. कळणारसुद्धा नाही अशी. तुला कोणी सांगितलं?"

 त्या खोलीत नेलेल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. आणि मग हे लक्षात आलं की लाडवात खसखस आहे हे त्या दुपारी जगात फक्त शोभाताईंना माहीत होतं. मला नव्हतं. मग जी कोणी "मी" बाहेर जाऊन आली, तिला कसं माहीत?

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी केतकीचा हात धरून होते. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

परत आल्यावर मी शोधायचं ते सगळं शोधलं. विलासने गंमत केली असावी, हा पहिला संशय. पण त्यांच्याकडे डबा आला कुठून? शोभाताईंनी पश्चात्ताप होऊन विलासला फोन केला असेल, हा दुसरा. पण डबा माझ्या कुलपाच्या आत होता. विमानतळावर गेले; कॅमेऱ्याचं चित्रण असं कोणालाही दाखवत नाहीत, बरोबरच आहे. तो तरुण अधिकारी भेटला नाही, बदली झाली म्हणे.

मदत झाली हे कबूल. पण मला न विचारता, माझ्या नावावर, माझ्या चेहऱ्याने केलेली मदत मला पचत नाही. आज डबा नेला, उद्या काय नेईल?

महिन्याभराने एका संध्याकाळी विलास चहा पिताना म्हणाले, "एक गोष्ट तुला सांगितली नाही. ऑपरेशन होतं म्हणून. नंतर राहूनच गेलं."

"काय?"

"डबा देऊन तू आत गेली नाहीस."

मी समोर येऊन बसले.

"गेटकडे गेलीच नाहीस. पार्किंगच्या कडेने रस्त्याकडे चालत गेलीस. मी हाक मारणार, तेवढ्यात फोन वाजला. तुझा मेसेज, इमिग्रेशन झालं. तो वाचला, वर बघितलं… तू पाठमोरी जात होतीस. मी गाडीत बसून एसी लावला आणि घरी आलो. दुसरं काही सुचलंच नाही."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन पद्धत सुरू झाली आहे. मी बेल वाजवली की विलास दार साखळीएवढंच उघडतात आणि काहीतरी विचारतात. काल भाजी कोणती केली होतीस? केतकीच्या मुलीचं नाव कोणी सुचवलं? थट्टेच्या सुरात विचारतात, पण उत्तर मिळेपर्यंत साखळी काढत नाहीत. शेजारच्या पटेल भाभी हसतात, "क्या विलास भिया, घर में भी वीज़ा लगता है क्या?" मी उत्तर देते, साखळी निघते, मी आत येते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी तपासून बघेन. फक्त एक गोष्ट मी विलासना अजून सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही, त्यांची झोप उडेल. मला ठाऊक नव्हतं तेही माझ्या चेहऱ्याच्या त्या बाईला ठाऊक होतं. दारात उभं करून त्यांनी काहीही विचारलं, तरी तिची सगळी उत्तरं बरोबर येतील. चुकले तर मीच चुकेन.