शनिवारच्या गाडीला टीसी नसतो

किस्से साठवायला वेगळी पिशवी लागत नाही, उभी राहिलेली गाडी पुरते. दौंडहून सुटणारी आमची शनिवारची पॅसेंजर वाटेतल्या प्रत्येक एक्स्प्रेसला मान देत थांबते. नोकरी दौंडात आणि घर श्रीरामपूर-पुणतांब्याकडं, अशी आम्हा चौघांची टोळी एका बाकाभोवती जमते. मी बँकेत आहे. माझा महिन्याचा पास असतो; पुण्य म्हणून नव्हे, रांगेचा कंटाळा म्हणून. बाकीच्यांचं सांगतो.

*

गायकवाड सर गणित शिकवतात. त्यांचा सिद्धांत असा, की शनिवारी शिर्डीची गर्दी, टीसी मोजके, आणि जे असतात ते मोठ्या गाड्यांवर. तेव्हा शनिवारी तिकीट काढणं हा अडाणीपणा.

एकदा मी विचारलं, "आणि सर, आलाच तर?"

सर शांतपणे म्हणाले, "तो अपवाद. अपवादाला मार्क नसतात."

*

गॅरेजवाल्या संतोषनं मोबाईलवर तिकिटाचं ॲप घेतलं. टीसी दिसला की बटण दाबायचं, तोवर पैसे खिशात! सारोळ्याजवळ कुणीतरी "आला, आला" म्हणालं आणि ह्यानं बटण दाबलं. ॲपनं कळवलं, की आपण रुळाच्या फार जवळ आहात, जरा लांब जाऊन तिकीट काढा.

संतोष रडकुंडीला आला. "आता लांब कुठं जाऊ? उडी मारू का?"

आला होता तो चिक्कीवाला.

*

चौथी मार्था मावशी. दौंडच्या एका दवाखान्यात नर्स. रविवारी श्रीरामपूरच्या चर्चमध्ये गाण्यात हिचाच आवाज सगळ्यांच्या वर. मावशी दर शनिवारी रांगेत उभी राहून तिकीट काढते आणि उतरेपर्यंत हातात धरून बसते. तिचे वडील ह्याच लाइनवर गँगमन होते. "बापानं हे रूळ राखल्यात," ती म्हणते. "फुकट बसले तर त्यो वरून बघंल."

तिची एकच इच्छा. कुणीतरी ते तिकीट एकदा मागावं, बघावं. इतक्या वर्षांत कुणी मागितलं नाही. एकदा तिनं स्टेशनच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाला आपणहून दाखवलं. तो म्हणाला, "जावा मावशी, तुमच्याकडं बघूनच कळतंय."

मावशी आठवडाभर धुसफुसत होती. बघूनच कळतंय तर छापता कशाला, म्हणे.

*

एका शनिवारी काळा कोट घातलेला माणूस डब्यात शिरला. सर झोपेचं सोंग घेऊन आडवे झाले, संतोष संडासात. मावशीचा चेहरा मात्र उजळला. तिनं उठून तिकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि हळूच परत केलं.

"मावशी, मी वकील आहे. तिकीट माझ्याकडंच नाहीये."

*

खरा टीसी कधी आलाच नाही असं नाही. एकदा राहुरीला चढला आणि दारातच अडकला. गर्दीनं त्याला पुढं येऊ दिलं ना मागं. एका आजीनं सरकून जागा दिली, हातावर पेरू ठेवला, घरी कोण कोण विचारलं. बायको बाळंतपणाला गेलीय आणि रजा मिळत नाही म्हणाला, तेव्हा सगळ्या डब्याला त्याचं वाईट वाटलं. लांबून मावशीनं तिकीट उंच धरून हलवलं. त्यानं तिथूनच हात जोडले.

उतरताना त्याला नोकरी आठवली. आजीला तिकीट विचारलं.

आजी म्हणाली, "पेरू खायच्या आदी इचारायचं हुतं."

*

मावशी रिटायर झाली तो शेवटचा शनिवार. कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात तिकीट. आज तरी कुणी यावं, असं आम्हालाच वाटत होतं.

नगरला सरांचे वडील चढले. रिटायर हेडमास्तर, डोळे तपासायला आले होते. बसण्याआधी त्यांनी स्वतःचं तिकीट वरच्या खिशात नीट ठेवलं आणि मुलाला विचारलं, "तुझं काढलंस ना?"

"काढलंय अण्णा," सर म्हणाले.

वांबोरी सोडली आणि टीसी आला. खरा, आणि डबाही त्या दिवशी रिकामा. त्यानं अण्णांचं तिकीट पाहिलं, मला पास विचारला. संतोष केव्हाच पसार झाला होता. मग त्यानं सरांपुढं हात केला. सर रिकामे खिसे चाचपू लागले. अण्णा चष्मा सावरून बघत होते. सरांच्या कानशिलावरून घाम उतरला, तो मला अजून दिसतो.

मावशीचं तिकीट पुढं झालेलंच होतं.

"सर, तुमचं माझ्यापाशी राह्यलंय की," ती म्हणाली. "मघाशी चहा घेताना दिलं न्हाई का?"

टीसीनं त्या तिकिटावर पेनानं रेघ ओढली आणि ते सरांना दिलं. "आणि तुमचं, मावशी?"

"न्हाई काढलं."

त्यानं दंडाची पावती फाडली. एवढं वय झालं, साधं तिकीट काढायला काय होतं, हेही ऐकवलं. मावशीनं मान खाली घालून पैसे दिले. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिनं नजरेनंच मला गप्प केलं.

टीसी गेल्यावर अण्णा तिच्याकडं वळले. आवाज मऊ होता.

"बाई, चांगल्या घरच्या दिसता. हे शोभत नाही. आमच्या पोराला मी लहानपणापासून सांगत आलो, खरं वागायला काही पैसे पडत नाहीत."

मावशीनं पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"व्हय गुरुजी," ती म्हणाली. "लई चांगलं वळण लावलंय तुमी."