बटणावरचा अंगठा

केरबाचा आवाज ओळखत नाही असा माणूस कोडोलीत शोधून सापडायचा नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अख्खी उमर त्यानं गुळाच्या सौद्यात बोली पुकारण्यात घालवली. तो एकदा ओरडला, की पलीकडच्या दुकानातला माणूस चहाचा कप खाली ठेवून बघायचा. तिथं मधे थांबलं की सौदा हातचा गेला. त्यामुळं थांबायची सवयच त्याला लागली नाही. घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा सुरूच. बायको चिमणाबाई 'व्हय' म्हणायची, 'बरं' म्हणायची आणि कामाला लागायची. त्याला वाटायचं, संसार कसा झकास चाललाय!

घर गावात आणि म्हशींचा गोठा ओढ्यापल्याडच्या मळ्यात. मळा असा खोलगटात, की मोबाईलला रेंज नावालासुद्धा नाही. केरबाचे गुडघे गेलेले, म्हणून दोन्ही वेळच्या धारांना चिमणाबाई एकटीच जायची आणि इकडं घराच्या पुढच्या सोप्यात बसून याचा जीव टांगणीला. खोटं कशाला बोला, काळजी होती त्याला. फक्त ती काळजीसुद्धा ओरडूनच बाहेर पडायची.

शेवटी पोलिसांच्या हातात असतो तसला वॉकीटॉकी घ्यायचं ठरवून तो कोल्हापुरात ओळखीच्या मोहसीनच्या रेडिओ-मोबाईलच्या दुकानात गेला आणि त्यानं मळ्याची सगळी अडचण सांगितली.

"पावणं, त्यो मोठा सेट लांब चालतोय, पण त्याला सरकारी परवाना लागतोय. घरच्या वापराला कशाला ती भानगड?" मोहसीननं दुसऱ्या दोन जोड्या काउंटरवर मांडल्या. "ह्यो बिगरपरवान्याचा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकानंच. आणि ह्यो दुसरा, कानात घालायचा. फोनसारखं दोघं एकदम बोलू शकताय. रेंज जरा कमी, पण तुमच्या मळ्यापुरती बक्कळ. काकींचे हात धारंत गुंतल्यालं असणार, ह्येला बटण दाबायचं कामच न्हाय. माझं ऐकाल तर ह्यो न्या."

"म्हंजे मी बोलताना ती मधीच बोलणार?"

"बोलतील की."

"मग नगं!" अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा केरबा हसला. "बटणाचाच दे. निदान माझं पुरतं ऐकून तरी घील."

मोहसीनही हसला. गिऱ्हाईकापुढं काय बोलणार बिचारा!

सुरुवातीला मोठी मौज. चिमणाबाई सेट गळ्यात अडकवून जायची आणि केरबा सोप्यातून राज्य करायचा. पेंड घातलीस का, पाणी दावलंस का, रेडकू सोडलंस का? प्रश्न त्याचाच आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्नही त्याचाच.

मग एका संध्याकाळी डेअरीची वेळ होत आली तरी बाईचा पत्ता नाही. केरबानं सेट उचलला आणि बटण दाबलं.

"कुठं हाईस? डेअरी बंद व्हायची येळ झाली! चहाचा पत्ता न्हाय, दुधाचा पत्ता न्हाय. कुनासंगं बोलत बसलीस? तुज्या म्हायरची खोडच हाय ती, पाय निघंल तर शपथ!"

दम घ्यायला त्यानं अंगठा उचलला. तेवढ्यात पलीकडून आलं, "अहो, मला…"

"उलटं बोलू नगंस!" अंगठा परत बटणावर. आणि मग काय, मागची सगळी उणीदुणी निघाली. मनासारखं बोलून झालं तसा त्यानं सेट बंद केला, फळीवर आपटला आणि लंगडत चौकात चहाला निघून गेला.

चहा अर्धाच झाला असेल, शेजारच्या मळ्यातली इमामबी धापा टाकत आली. "केरबादा, चला आदी! म्हशीनं वैनीला भित्तीला दाबलं. खुब्यातनं हलता येईना तिला. कवाधरनं शेणात पडून हाय, आन तुमी हितं चहा पिताय?"

दवाखाना झाला, ऑपरेशन झालं, खुब्यात रॉड पडला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला केरबा सांगत होता, मशीन खराब निघालं म्हणून. सांगताना आपलाच आवाज त्याला खोटा वाटायचा. एकदा खोलीत कुणी नाही बघून त्यानं हळूच विचारलं, "तुजा सेट बंद पडला हुता काय गं?"

त्याला 'व्हय' हवं होतं. जन्मभर तिनं दिलेलं 'व्हय', अजून एकदाच.

"न्हाय की. चांगला चालू हुता," चिमणाबाई म्हणाली. "सगळं ऐकाय येत हुतं. डेअरीचं, चहाचं, माज्या म्हायरचं. मी दाबून दाबून सांगत हुतो. पर माजंच चुकलं. तुमचं संपंपतोर दम धराय पायजे हुता."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ही बाई चूक स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळी! केरबाला तिच्या तोंडाकडं बघवेना. आपण तिला शेणात पाडून ठेवून वर ऐकवत बसलो, हे त्याच्या काळजातून हलायला तयार नव्हतं.

ती घरी आली, तसा तो परत मोहसीनकडं गेला आणि कानातली जोडी घेऊन आला.

आता धारांना तो जातो, गुडघे कुरकुरत. चिमणाबाई खाटेवर. पहिल्या दिवशी म्हशीखाली बसून त्यानं हाक दिली. "चिमणे, हाईस?"

"हाय."

"बोल की कायतरी. मी गप बसतो. मधी बोलणार न्हाय."

कानात घरातला पंखा ऐकू येत होता. तिचा श्वास ऐकू येत होता. केरबानं धार काढायचीसुद्धा थांबवली.

"काय बोलू?" शेवटी ती म्हणाली. खरंच अडचणीत पडली होती बिचारी. "मला न्हाय बाई सुचत. तुमीच बोला. मी ऐकतो."

केरबानं तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. आवाजावर पोट भरलेला माणूस, पण दोन्ही हातांनी तोंड दाबून रडला. सेट चालू होता. तिला सगळं ऐकू गेलं असतं.