डाव्या हाताच्या बाई

आमच्या बाई डावखुऱ्या नव्हत्या. तरीही सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास सगळे त्यांना डाव्या हाताच्या बाई म्हणत. दातांच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्याला खुर्चीत बसवलं की नाव-गाव विचारायच्या आधी त्या सांगायच्या, "दुखलं, भीती वाटली, थुंकायचं असलं, नाहीतर नुसतंच नको झालं, तर डावा हात वर करा. मी थांबते." उजवा का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "उजवीकडं मी असते की. तो हात उचललात तर सुई तुमच्या नाहीतर माझ्या डोळ्यात."

आणि त्या खरंच थांबायच्या. दाढ निम्मी हललेली असो, सिमेंट वाळत आलेलं असो, हात वर दिसला की मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला जायचा, हत्यार ताटलीत जायचं आणि बाईंचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर यायचे. मग शांतपणे, "काय झालं?" एक निवृत्त मुख्याध्यापक दात साफ करून घेताना पाच वेळा हात वर करायचे आणि पाचही वेळा मुलाच्या नोकरीबद्दल काहीतरी सांगायचे. बाई पाचही वेळा ऐकायच्या. मी एकदा वैतागलो, तेव्हा म्हणाल्या, "आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. कारण बघून थांबायला लागलो तर लोक हात वर करायचंच सोडून देतील."

दातांच्या दवाखान्यात आजाराच्या आधी भीती जिना चढून येते. औषधाच्या दुकानावर आमचा दवाखाना. आतल्या मशीनचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत पोचायचा आणि बाकावरचं एखादं माणूस हळूच उठून चपला शोधायला लागायचं. कुणाला वाटायचं, साफ केले की दात हलायला लागतात. कुणाला रूट कॅनाल म्हणजे दाढेतून मेंदूकडे जाणारी वाट वाटायची. "वरची दाढ काढली की नजर जाती म्हणं," असं तर आठवड्यातून एकदा कुणीतरी विचारायचंच. बाई म्हणायच्या, "डोळ्याची आणि दाढेची ओळख नाही हो. शेजारी राहतात, एवढंच." आमच्या सोलापूरची कडक भाकरी ही त्यांच्या मते दवाखान्याची खरी लक्ष्मी होती. फुटलेली दाढ घेऊन कुणी आलं की त्या आधी विचारायच्या, "भाकरी आमटीत भिजवली नव्हती का?"

एक रिक्षावाला अक्कलदाढ काढायला आला होता. इंजेक्शन घेतलं, निम्मा चेहरा बधिर झाला, आणि बाई हत्यार घ्यायला वळल्या तेवढ्यात तो गळ्यातल्या कापडासकट जिना उतरून पळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मला घेऊन त्याच्या रिक्षास्टँडवर गेल्या. तो बिचारा रिक्षाच्या मागं दडायला लागला.

"नक्को डॉक्टरनी, मेरेकू डर लगता."

"मला पण लागतो रे. पण हात का नाही वर केलास? मी थांबले असते की."

"थांबते, और फिर चालू करते ना तुम?"

"तू म्हणशील तेव्हाच."

तिसऱ्या दिवशी तो आला. येताना कापडही धुऊन आणलं होतं. म्हणाला, "सारे स्टँड के सामने आके बोले तुम, अब कैसा नक्को बोलूं?" दाढ निघाली. त्यानं हात दोनदा वर केला आणि बाई दोनदा थांबल्या. पळालेल्या माणसाला शोधायला स्वतः जाणारी डॉक्टर मी त्याआधी पाहिली नव्हती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. पुढं जे झालं, तेव्हा हे मला माहीत होतं.

मी तेव्हा पदवी घेऊन नुकताच बाईंच्या हाताखाली लागलो होतो. लोक मला छोटे डॉक्टर म्हणत. खुर्चीतल्या माणसाइतकाच मीही भ्यायचो. सुई आत मोडेल का, रक्त थांबेल ना, याला समजलं तर काय की आपल्याला पुरतं येत नाही. बाईंना हे सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या आणि शेजारी बसल्या असत्या. मी सांगितलं नाही. भीती लपवायची म्हणून मी भराभर काम करायला शिकलो, आणि लोकांना ते हुशारीसारखं दिसायचं.

करमाळ्याकडच्या केमहून चाळिशीतल्या एक पेशंट रेल्वेनं आल्या होत्या. बाई त्यांना अक्का म्हणायच्या, म्हणून मीही. खालची दाढ किडून फुटली होती आणि ठणका रात्रंदिवस. बाईंनी तोंडात बघितलं आणि दिवा जरा जवळ ओढला. फुटक्या दाढेची धार गालाला घासत होती आणि तिथं आतून एक पांढरट, मधूनच लाल चट्टा होता. अक्का दातांना तंबाखूची मिश्री लावायच्या. बाईंनी ती धार लगेच घासून बोथट केली आणि सांगितलं, "मिश्री आजपासून बंद. दाढेची नस काढून टाकू, ठणका थांबेल. पंधरा दिवसांनी गाल परत बघायचा. चट्टा गेला नसला तर नखाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवू. भ्यायचं नाही, पण यायचं मात्र नक्की."

"ईन की," अक्का म्हणाल्या. "तुमी थांबता म्हणून तर आले."

नस काढायच्या दिवशी बाई एका लग्नाला बार्शीला गेल्या होत्या. काम माझ्याकडं आलं. बाहेर सहा माणसं बसलेली. मी इंजेक्शन दिलं, अक्कांचा ओठ जड झाला, पण सुजलेल्या दाढेतली नस कधीकधी इंजेक्शनला दाद देत नाही. बारीक सुई आत गेली आणि अक्कांचा डावा हात वर झाला.

मला तो दिसला. दिसला नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगून बघितलं, पण दिसला होता. थांबलो तर दुसरं इंजेक्शन थेट नसेत द्यावं लागणार होतं, आणि ते मी एकट्यानं कधी दिलं नव्हतं. मी म्हणालो, "झालं, झालं अक्का, हलू नका." हात पुन्हा वर झाला. या वेळी मी माझ्या डाव्या हातानं तो खुर्चीच्या दांडीवर दाबला आणि काम पुरं केलं. दोन मिनिटं लागली असतील. अक्का ओरडल्या नाहीत. चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता जिना उतरल्या.

त्या परत आल्या नाहीत. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. बाईंनी मला विचारलं, "केमच्या अक्का आल्या नाहीत. तुझ्या वेळी काही झालं नाही ना?"

"नाही बाई."

दोनच शब्द. बाईंनी विश्वास ठेवला. म्हणाल्या, ठणका थांबला की माणसं विसरतात. त्यांनी फोन लावला. तो अक्कांच्या पुतण्याकडं होता. तो म्हणाला, "येतील की, शेतात कामं हायेत." महिन्यानं पुन्हा लावला, मग आणखी एकदा. मी शेजारीच बसलेलो असायचो. खरं कारण बाईंना कळलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी रेल्वेनं केमला गेल्या असत्या, जशा रिक्षास्टँडवर गेल्या होत्या. मला हे माहीत होतं आणि मी गप्प राहिलो.

आठ महिन्यांनी अक्का पुतण्याबरोबर आल्या. गाल बाहेरून फुगलेला. तोंड नीट उघडत नव्हतं. आतला चट्टा आता राहिला नव्हता. त्या जागी कडा टणक झालेली जखम होती. बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त दिवा धरलेला हात दिसत होता. तुकडा काढायची तयारी झाली आणि बाईंनी सवयीनं सांगितलं, "अक्का, दुखलं की डावा हात वर."

अक्का म्हणाल्या, "हात वर करून काय हुतंय बाई? तवा केला हुता की. दोनदा. ह्या डॉक्टरनी दाबून धरला." आवाजात राग नव्हता. रेल्वे उशिरा आली असं सांगावं, तसं सांगितलं. "मग म्हटलं, पुन्यांदा तितं नगं. जे व्हायचं ते घरी हुईल."

बाईंनी हातमोजे काढले. वळसा घालून अक्कांच्या डाव्या बाजूला आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "शब्द मी दिला होता, अक्का. आम्ही मोडला." आम्ही म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी हत्यारांच्या ताटलीकडं बघत उभा होतो.

तपासणीत ज्याला भ्यालो होतो तेच निघालं, कॅन्सर. मोठ्या दवाखान्यात अक्कांचं ऑपरेशन झालं. जबड्याचा एक तुकडा गेला, गालाला मांडीचं मांस लावलं. अक्का जगल्या. चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. कदाचित आठ महिने आधी येऊनही हेच झालं असतं, असं एका मित्रानं मला समजावलं होतं. मला ते पटलं असतं तर फार बरं झालं असतं.

बाई मला काढून टाकतील असं वाटत होतं. त्यांनी तेही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही. पेशंटच्या डावीकडं स्टूल घेऊन बसायचं. तू फक्त हात बघ."

दोन महिने मी तेच केलं. रूट कॅनाल, कॅपची मापं, कवळीचे साचे, काढलेल्या दाढा, सगळं बाईंच्या हातून झालं आणि मी फक्त हात बघितले. पहिल्या आठवड्यात मला लाज वाटायची. नंतर दिसायला लागलं. हात वर होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. आधी अंगठा मुठीत जातो. मग बोटं लुगड्याचा काठ नाहीतर पँटची शिवण धरतात. सूत रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हात वर केलाच नाही, पण त्याची नखं तळहातात रुतली होती. मी "बाई" म्हणालो. बाई थांबल्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "काही जणांना हात वर करायचीसुद्धा भीती असते." त्या प्रकाराबद्दल त्या माझ्याशी जे काही बोलल्या, ते इतकंच.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाईंचे गुडघे गेले, दवाखाना माझ्याकडं आला. अक्का मात्र दर सहा महिन्यांनी गाल दाखवायला यायच्या, तेव्हा बाई घरून रिक्षानं यायच्या आणि त्यांना स्वतः बघायच्या. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत थांबायचो.

या वर्षी बाई मुलीकडं हैदराबादला कायमच्या राहायला निघाल्या. निघायच्या आठ दिवस आधी माझ्याकडं आल्या, गालावर हात धरून. "कडक भाकरी," म्हणाल्या. "भिजवली नव्हती." मागची दाढ उभी चिरली होती, काढण्यावाचून इलाज नव्हता. त्या खुर्चीत बसल्या आणि मी म्हणालो, "बाई, दुखलं की डावा..." "माहीत आहे रे मला," त्या हसल्या. पूर्ण वेळ माझा एक डोळा त्यांच्या डाव्या हातावर होता. तो हलला नाही.

दाढ निघाली. कापूस दाबून धरायला दिला. अर्धा तास थुंकायचं नाही, बोलायचं नाही. हे वाक्य उच्चारलं आणि मला कळलं की आता बाई मला काही विचारू शकत नाहीत, आणि मी भेकडासारखा बोलायला लागलो. म्हणालो, "बाई, तुम्ही केमला फोन लावायच्या, तेव्हा मी शेजारी असायचो. मी खोटं बोललो होतो ते तुम्हाला कळलंच. पण एक कळलं नाही. अक्का येत नव्हत्या, याचं मला बरं वाटायचं. प्रत्येक वेळी पुतण्या 'येतील' म्हणायचा आणि मी मनात म्हणायचो, न येवोत. न येवोत, म्हणजे..."

बाईंचा डावा हात वर झाला.

मी थांबलो. पुरे झालं म्हणून वर केला, की ऐकवेना म्हणून, मला माहीत नाही. आम्ही उरलेला अर्धा तास तसेच बसून राहिलो. खालून रस्त्याचे हॉर्न येत होते. मग त्यांनी कापूस काढून दिला.

"रक्त थांबलं का बघ."

मी दिवा ओढला. थांबलं होतं.

जिन्याशी कठडा धरून त्या म्हणाल्या, "मंगळवारी अक्का येतील. मी सांगितलंय त्यांना, आता छोटे डॉक्टरच बघणार. यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं."

सोमवारी मला झोप लागली नाही. मंगळवारी दुपारी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. अक्का आल्या, पदर सारखा केला, खुर्चीत बसल्या. आता केस पांढरे झालेत. मी आरसा उचलला. तो अजून त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब होता, आणि त्यांनी डावा हात वर केला.

मी आरसा ताटलीत ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. अक्का माझ्याकडं बघत होत्या. हात वरच होता, बराच वेळ. मी कारण विचारलं नाही.

मग त्यांनी हात खाली घेतला, आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं.