पाटील हे माझं पहिलं नाव

कोरा फॉर्म दिसला की हेडक्लार्क आबांच्या अंगात यायचं. नरडाण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीतला एकही फॉर्म त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कचेरीत जात नसे. कुणी शंका काढली तर पेनाला टोपण लावत म्हणायचे, "मी लिखेल शे. आते कोन परत करस ते देखू." आणि खरंच कुणी परत करत नसे.

बारावीनंतर मी वैमानिक व्हायचं ठरवलं, तेव्हा मुलीला एकटीला परदेशात धाडायला दादा, म्हणजे माझे वडील, तयार नव्हते. शेजारच्या ओट्यावरून आबा उठून आले. "पोर जाई. फॉर्म मी भरस," असं म्हणून त्यांनी वादच मिटवला. त्यांच्या मते अवघड भाग फॉर्मचाच होता, विमान काय, शिकलं की येतं.

पासपोर्टचा फॉर्म त्यांनी मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरात भरला. हजेरीपटावर जन्मभर आडनाव आधी लिहिलेला तो हात. त्याने पहिल्या नावाच्या जागी पाटील लिहिलं, पुढे रोहिणी, आणि आडनावाच्या जागी दादांचं नाव, भास्कर. शाळेच्या दाखल्यावर हाच क्रम होता, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. तिकडचे प्रशिक्षक दीड वर्ष मला "पाटील" अशी हाक मारत होते आणि मीही गावची पाटीलकी मिळाल्यासारखी ओ देत होते. लायसन्सही त्याच नावाने निघालं.

पण तिकडच्या लायसन्सवर इथे विमान चालवता येत नाही. आपल्याकडचे पेपर द्यायचे, तपासणीची उड्डाणं करायची, शिवाय लायसन्स खरं असल्याचं तिकडच्या खात्याचं पत्र आणायचं. पेपरांची उजळणी अर्थातच आबांकडे. विमान त्यांनी आकाशातच काय ते पाहिलेलं, पण नियम म्हणताना मी एक शब्द बदलला की पुस्तक मिटायचे. "कायदामा 'आनि' अन् 'किंवा' एक नही, माय." त्यांच्या या छळामुळे मी पहिल्या फटक्यात पास झाले.

अठरा पुरी व्हायच्या आत काढलेला पासपोर्ट कमी मुदतीचा होता, मधल्या काळात ती संपली. नवा काढताना मी गुपचूप नाव सरळ करून घेतलं. आबांना वाईट वाटेल म्हणून त्यांना सांगितलं नाही आणि तिथेच फसले. तिकडच्या लायसन्सवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, त्यामुळे इथल्या लायसन्सचा अर्ज परत आला. तपासणीची उड्डाणं झाली होती, पण अलीकडचीच धरली जात असल्यामुळे, उशीर झाला तर ती पुन्हा करावी लागणार होती. मी ओसरीवर रडत बसले होते, तेवढ्यात आबा आले.

"काब्र परत ऊना?"

मी कारण म्हणून दोन्ही नावं दाखवली. आबा घरी गेले आणि जुन्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन आले. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची झेरॉक्स ते जपून ठेवत. तिच्यावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "हाऊ मन्हाच हात शे." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते मला धुळ्याला घेऊन गेले. दोन्ही नावांची मुलगी एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला. आबा म्हणाले, "अजून एक ओळ घाला. फॉर्म मी भरेल व्हता."

"बाबा, चूक कुणाची ते लिहायची गरज नाही," वकील म्हणाले.

"गरज शे. चूक मन्ही शे, पोरनी नही. लिखा."

वकिलांनी लिहिलं. त्याखाली आबांनी सही केली, तीही आडनाव आधी. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

त्या कागदाच्या आधारे तिकडच्या खात्याने नाव दुरुस्त केलं आणि पत्र पाठवलं. उड्डाणं मात्र पुन्हा करावी लागली. अर्धं वर्ष त्यातच गेलं.

आबा आता नाहीत. पण भारताचं लायसन्स घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यांनी नावावरून तीनदा बोट फिरवलं. वर न बघताच म्हणाले, "मन्हामुये तुन्हा सहा महिना गयात."

"आबा, तुम्ही तो फॉर्म भरला नसता तर दादांनी मला पाठवलंच नसतं."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग ताठ बसून म्हणाले, "मंग तो फॉर्म बरोबरच भरेल व्हता!"