डाइंगखात्यातलं घड्याळ

माझं काम सांगायला मला नेहमी दोन वाक्यं लागतात, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत नातेवाइकांचं लक्ष उडालेलं असतं. कारखान्यांत, दवाखान्यांत, औषधांच्या गोदामांत मी तापमान मोजणारी यंत्रं बसवते. यंत्र दर मिनिटाला आकडा इंटरनेटवरून पाठवतं आणि मालकाला मोबाइलवर त्याची रेघ दिसते. जोडीला भिंतीवरची घड्याळं. तीही नेटवरूनच वेळ घेतात, त्यामुळं दहा खोल्यांतल्या दहा घड्याळांचे काटे एकदमच सरकतात. "म्हणजे घड्याळं विकतीस व्हय," असं वळसंगच्या आमच्या काकूंनी त्याचं सार काढलंय. मी आता वाद घालत नाही.

अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक लॉट कोणत्या तापमानाला रंगवला ते लेखी हवं होतं, म्हणून मालकांनी मला बोलावलं. यंत्रं आणि घड्याळं दोन्ही ठरली होती, पण घड्याळांचा खोका वाटेत कुठंतरी अडकला. मी म्हटलं, यंत्रं तर बसवून घेऊ, घड्याळांचं पुढच्या आठवड्यात बघू. ज्या मोठ्या बंद टाकीत टॉवेल रंगवतात तिला मी सेन्सर जोडला. मालकांच्या मोबाइलवर पहिली रेघ उमटली, तेव्हा नातवाचं पहिलं पाऊल बघावं तसे ते बघत राहिले.

रंगवायचं हे डाइंगखातं एका मामांच्या हातात होतं. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, साठीला टेकलेले. तीस वर्षं रंगात हात घालून त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या निळ्या झाल्या होत्या. टाकीवरचा तापमानाचा काटा बघून, मान वर करून भिंतीवरची वेळ बघून ते दोन्ही वहीत लिहायचे. आता वहीची गरज नाही, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तुमचं तुमी लिवा ताई, माझं मी लिवतो. दोन्ही जुळलं की बरंच हाय की." मला ते जरा लागलं. माझ्या कोऱ्या करकरीत यंत्राशेजारी कुणी वही उघडून बसलं की मला आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. स्वभाव आहे, काय करणार.

चारच दिवसांत मालकांचा फोन आला. निळ्या टॉवेलांचा अख्खा लॉट डागाळला होता. मी पोचले तेव्हा त्यांच्या टेबलावर वही आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवले होते आणि मामा दाराशी उभे होते. वहीत लिहिलं होतं, चार वाजता साठ डिग्री, सोडा टाकला. त्याखाली, चार बाराला पन्नास डिग्री, स्टीम कमी, बॉयलरला सांगितलं. रंग पक्का बसण्यासाठी सोडा टाकताना पाणी साठला हवं आणि पुढंही साठलाच राहायला हवं. माझी रेघ मात्र उलटच सांगत होती. चार वाजता पन्नास, आणि चार बाराला साठ.

"म्हणजे निवलेल्या पाण्यात सोडा टाकला आणि वही मागनं भरली," मालक म्हणाले. "ताई, तुमचं यंत्र चुकू शकतं का?"

बघून सांगते, असं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण माझं यंत्र चुकतंय असा नुसता वास आला तरी माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही, मालक."

"मी बी खोटं बोलत न्हाय," मामा म्हणाले. "तीस वर्सांत माझ्या वहीवर कुणी बोट ठिवलं न्हवतं." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांना टॉवेलांच्या घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. हे मला मालकांनीच फोनवर सांगितलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला काही वाटलं नाही. मी जेवले आणि माळशिरसच्या एका दूध डेअरीच्या कामाला लागले.

घड्याळांचा खोका पाच दिवसांनी आला. मी सुरुवात डाइंगखात्यापासूनच केली. स्टुलावर चढून जुनं घड्याळ उतरवलं. त्यात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि माझ्या मोबाइलवर अकरा पाच. जुनं घड्याळ, पळत असेल पुढं, असं म्हणून मी ते खाली ठेवलं आणि नवं टांगलं. मग गेटवरचं काढायला गेले, तर तेही बरोबर बारा मिनिटं पुढं. दोन घड्याळं आपोआप मिनिटाला मिनिट सारखीच पुढं पळत नसतात.

वॉचमन म्हणाला, "पुढंच ठिवल्यालं हाय की ते. लोकं टायमात येत्यात. डाइंगचं बी ह्याच्यावरनंच लावत्यात."

मी ऑफिसातलं घड्याळ बघितलं. ते मिनिटाला मिनिट बरोबर होतं. म्हणजे लोकांनी यायचं गेटच्या घड्याळानं आणि सुटायचं ऑफिसच्या. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळंच मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरातलं घड्याळसुद्धा आईनं पंधरा मिनिटं पुढं ठेवलंय. शाळेत असताना मी एसटी त्याच्याच जिवावर गाठायची. आणि वेळेचाच धंदा करणाऱ्या मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की मामा वेळ लिहितात ती कुठल्या घड्याळातली.

गेटवरच मोबाइलवर मी ती जुनी रेघ काढली. मामांचे चार म्हणजे खरे तीन अठ्ठेचाळीस. तिथं साठ डिग्री. मामांचे चार बारा म्हणजे खरे चार. तिथं पन्नास. वहीतला शब्द न् शब्द जुळत होता. मला इतकी लाज वाटली की वॉचमननं पुढं केलेला चहा मी नको म्हटला.

मालकांनी कागदावर वजाबाकी करून बघितली, पुन्हा करून बघितली. "मग बॉयलरनंच घोळ घातला," ते म्हणाले. "मामांना निरोप देतो, उद्यापासून डाइंगला या म्हणून."

निरोप मीच देते म्हणून मी घड्यांच्या टेबलाकडं गेले. मामांनी हातातला टॉवेल नीट चौकोनी करून ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, मशीन हितं बसवलंय तर हितलंच घड्याळ बघत असंल," ते म्हणाले. "म्हणून माझं मलाच कळंना कुटं चुकलं ते. साठ बघितल्याबिगर मी सोडा टाकत न्हाय. पण मशीन न्हाय म्हणतंय. मग मी काय बघितलं? डोळं गेलं का डोस्कं गेलं? पाच दिवस हेच चाललंय बघा."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "हितं नको. मालकांसमोर बोलला हुता न्हवं, तितंच बोला."

आम्ही ऑफिसात गेलो. मालकांसमोर उभं राहून मी म्हटलं, की यंत्र बरोबर होतं, मामाही बरोबर होते, मी न बघता बोलले. मालकांनी वही मामांच्या हातात परत दिली. मामांनी ती उघडलीच नाही.

"त्या मोबाइलातली रेघ पुसता येती का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही मामा. मलासुद्धा नाही."

"म्हंजे उद्या कुणीबी ती वहीशेजारी ठिवली, तर मी लबाडच की."

रेघेवर बोट ठेवलं की शेरा लिहायला एक जागा उघडते. मी तिथं लिहिलं, 'त्या दिवशी खात्यातलं घड्याळ बारा मिनिटं पुढं होतं. वहीतली नोंद बरोबर आहे.' मामांनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला आणि मोबाइल माझ्याकडं परत केला.

"ह्यात तुमी कुटं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मोबाइल घेतला आणि खाली लिहिलं, 'घड्याळ न तपासता मी यांच्या नोंदीला खोटं ठरवलं.' त्याखाली माझं पूर्ण नाव घातलं. मामांनी तेही शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि वही घेऊन ते डाइंगखात्याकडं निघाले.