नासका हात

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात निर्मळ गावच्या आमच्या घरची सुकेळी बुरशीने गेली. मांडवभर राजेळी केळी, सोलून उन्हात घातलेली, सगळी फेकावी लागली. सासूबाई चार बायकांदेखत म्हणाल्या, "हिचा हातच नासका गो!" पुढच्या वर्षी केळी सोलायला मला बोलावलंच नाही. मी हात पदराखाली धरून लांबून बघत बसायची.

मग दूध नासलं तरी वाटायचं, आपल्यामुळेच. खाणं सुटलं, केस विंचरणं सुटलं. शेवटी भावाने सायकलवर डबलसीट घालून वसईच्या दवाखान्यात नेलं. तिथे दर गुरुवारी मनाच्या आजारांची डॉक्टरीण यायची. तिने गोळ्या दिल्या आणि एक वही करायला लावली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे मनात घोळणारं वाक्य, उजवीकडे ते खरं की खोटं याचा पुरावा.

डावीकडे लिहिलं, माझा हात नासका आहे. उजवीकडे आठवडाभर काही सुचेना. मग आठवलं. सुकेळी संध्याकाळी गोळा करून झाकतात, दव लागू नये म्हणून. सासूबाईंशिवाय मांडवाला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. त्या संध्याकाळी त्या शेजारच्या हळदीला गेल्या आणि गप्पांत रमल्या. केळी रात्रभर दवात भिजली. हे मला तेव्हाही माहीत होतं! पण त्यांच्या एका वाक्यापुढे दव आठवलंच नव्हतं.

डॉक्टरीणीला वाटलं, वहीने मी बरी झाले. खरं म्हणजे मला संताप आला, आणि संतापाने मी उठून जेवले. डॉक्टरीण म्हणाली, "आता रागही लिहा." तो मात्र मी लिहिला नाही, जपून ठेवला.

तीन वर्षांनी ऐन सुकेळीच्या हंगामात आभाळ आलं. आठवडाभर ऊन नाही, सगळी केळी काळी पडली. त्याच बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, आता तुमचा हात नासका हो!"

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. हळूहळू त्यांनी चुलीपाशी येणं सोडलं. ओटीवर बसायच्या, हात पदराखाली. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके दुपारी त्यांनी हळूच विचारलं, "तू बरी कशी झालीस गो?"

वही ट्रंकेत होती, अर्धी कोरी. मी म्हटलं, "गोळ्यांनी."