ग्रिलशेजारचा फोन

इरा, वेद, काल तुम्ही व्हिडिओ कॉल लावून मला ग्रिलशेजारी बसवलंत. वेद पहिल्यांदाच स्टेक, म्हणजे मटणाचा जाड तुकडा, भाजत होता आणि पोळी फुगावी म्हणून मी दाबते, तसा तो उलथन्यानं दाबत होता. रस निखाऱ्यांवर गळत होता.

"दाबू नकोस, कोरडा होईल."

"आजी, तूच तर अशी दाबतेस."

उलथनं काढून घ्यायला माझा हात काचेपर्यंतच गेला. शिकवलेलं इतक्या लांबून परत घेता येत नाही. मग धुराच्या गडबडीत तुमचा फोन पालथा पडला आणि माझ्याकडे पडदा काळा झाला.

"वेद, हा स्टेक आहे की चप्पल?" इराचा आवाज आला, मग हसणं. गुडघ्यामुळे महिनाभर मी या खोलीतच आहे, पण इतकं कोंडल्यासारखं त्या काळोखातच वाटलं. तरी फोन ठेववेना.

"इरा, आजी कुठे गेली?" वेदनं विचारलं.

"इथेच आहे," मी म्हणाले. "कुठे जाणार?"